स्क्रीन अडकली, की आधी घड्याळ पाहा

(लक्ष्मी ताल, झाशी येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांच्या अभ्यासवर्गात युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



संगणकावर बोलायला मला उभे केले म्हणून काही जण गालात हसले, ते मी पाहिले. हसणे बरोबरच आहे. मी दहावी पास, जुन्या भाषेत मॅट्रिक. नोकरीला लागलो तो सिग्नल आणि दूरसंचार विभागात खलाशी म्हणून. खांद्यावर शिडी आणि हातात पक्कड. पुढे खात्याची परीक्षा देऊन तिकीट खिडकीवर आलो आणि खिडकीवरून युनियनच्या कामात. संगणक मी पुस्तकातून शिकलो नाही. खिडकीच्या आतल्या बाजूला बसून, बाहेरच्या बाजूच्या शिव्या खात शिकलो. तेवढ्याच अधिकारावर बोलतो.

झाशीत मराठी माणसाला परके वाटायचे कारण नाही. समोर हा तलाव, त्याच्या काठी गंगाधरराव नेवाळकरांची समाधी. आणि रेल्वेवाल्यांचे म्हणाल, तर झाशी विभाग १ एप्रिल २००३ रोजी उत्तर मध्य रेल्वेत जाईपर्यंत मध्य रेल्वेतच होता. मुंबई, भुसावळ, नागपूरकडून बदलीवर आलेली किती कुटुंबे इथलीच होऊन गेली. तेव्हा घरच्या माणसांत बोलावे तसे बोलतो, आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. स्टेशनचे नाव सांगत नाही, गरज नाही. आरक्षण खिडकीवर आमच्या एक भगिनी होत्या, संध्याकाळच्या पाळीला. चार जणांच्या कुटुंबाचा फॉर्म आला. त्यांनी तो भरला, एंटर दिला आणि स्क्रीन अडकली. प्रिंटर हलेना. बाहेर रांगेत आरडाओरडा. थोड्या वेळाने लिंक आली. ताईंनी तोच फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरला, तिकीट निघाले, कुटुंब गेले. पाळी संपताना यंत्राने हिशेबाचा गोषवारा काढला, तर तिकिटे दोन आणि गल्ल्यात पैसे एकाचे. तूट दोन हजार सहाशे चाळीस रुपये.

मी तेव्हा शाखेचा नवा सचिव. ताई माझ्याकडे आल्या. मी त्यांना म्हणालो, "ताई, भरून टाका. एवढ्याशा रकमेसाठी चौकशीच्या मागे कुठे लागता?" त्यांनी भरले. आठ महिन्यांनी पुन्हा तशीच तूट आली. या वेळी मेमो मिळाला आणि त्यात लिहिले होते की या कर्मचाऱ्याला तुटीची सवय आहे, पहिली तूट तिने स्वतः मान्य करून भरली आहे. वर्षाची वेतनवाढ रोखली गेली. ताईंनी मला एकच विचारले, "तुम्ही मला त्या दिवशी भरायला का सांगितलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

नंतर माझ्या लक्षात आले की पहिल्या वेळचा पुरावा डब्याच्या दारावरच चिकटवलेला होता. तेव्हा आरक्षणाचा तक्ता डब्यावर लावत असत, ती पद्धत २०१८ पासून बंद झाली. त्या तक्त्यात तीच चार नावे, तेच वय, दोनदा असणार. चार माणसे आली आणि चार बर्थ रिकाम्या राहिल्या. गाडीतल्या तिकीट तपासनिसाने त्या रिकाम्या बर्थ दुसऱ्यांना दिल्याची नोंदही असणार. पण किती वाजता स्क्रीन अडकली, कोणती गाडी, कोणता फॉर्म, हे त्या संध्याकाळी आम्ही कोणीच लिहून ठेवले नव्हते. तक्ता रद्दीत गेला आणि दोष ताईंच्या नावावर राहिला.

म्हणून आज मी तीन गोष्टी सांगणार आहे. या मोठ्या यंत्राचा स्वभाव कसा आहे, अडले तर दोष कुठे आहे हे खिडकीवर बसून कसे ओळखायचे, आणि कागद कसा ठेवायचा.

आधी थोडा इतिहास. रेल्वेत संगणक पहिल्यांदा आला तो साठच्या दशकात. आय.बी.एम. १४०१ नावाची यंत्रे विभागीय मुख्यालयांत बसली. भोके पाडलेली कार्डे त्यात घालायची आणि पगारपत्रके, उत्पन्नाचे हिशेब बाहेर काढायचे. त्या यंत्राची स्मृती जास्तीत जास्त सोळा हजार अक्षरांची. आजच्या साध्या फोनमधल्या एका फोटोलाही ती पुरणार नाही. त्या काळात आपल्या आधीच्या पिढीने यंत्राला विरोध केला. आयुर्विमा कामगारांचा लढा तर गाजला. सरकारने १९६९ साली प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली ऑटोमेशनवर समिती नेमली, तिचा अहवाल १९७२ साली आला. त्या लढ्याला आज कोणी मागासपणा म्हणते, मी म्हणत नाही. नोकरी जाईल का, हा प्रश्न रास्त होता. पण दुसरा एक प्रश्न तेव्हा कोणाच्या फारसा डोक्यात आला नाही. तो असा की यंत्र चुकले, तर पैसे कोण भरणार?

आरक्षणाचा संगणक सुरू झाला १५ नोव्हेंबर १९८५ रोजी, नवी दिल्लीत. सी.एम.सी. या सरकारी कंपनीने तो उभा केला. यंत्र व्हॅक्स जातीचे. जाणकार सांगतात की व्हॅक्स म्हणजे काटेकोर अर्थाने मेनफ्रेम नव्हे. खिडकीवरच्या माणसाला त्याने फरक पडत नव्हता. थंड खोलीत एक मोठे यंत्र, आणि दूरवर आपल्यासमोर एक मुका टर्मिनल. १९८६ साली रेल्वेने 'क्रिस' ही स्वतःची संस्था काढली. दिल्लीपाठोपाठ मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद अशी पाच केंद्रे झाली, पण प्रत्येकाचा संसार वेगळा. मग क्रिसने 'कॉन्सर्ट' ही प्रणाली केली. ती आधी १९९४ साली सिकंदराबादला लागली आणि एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. त्यानंतर कोणत्याही खिडकीवरून कुठल्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. त्याआधी परतीच्या बर्थसाठी तार करून वाट बघत बसावे लागे, हे इथल्या निवृत्त साथींना विचारा. यंत्राने प्रवाशाचे भले केले, हे मोकळेपणाने मान्य करू.

टपालातल्या साथींकडे हेच उशिरा पण झपाट्याने आले. २०१३ च्या अखेरीपासून बचत खाती मध्यवर्ती संगणकावर जाऊ लागली, आणि २०२५ साली टपालाची नवी प्रणाली देशभर लागली. म्हणजे आज आपण दोघेही एकाच बाकावर आहोत. हिशेब दूरच्या यंत्रात, गल्ला आपल्या हातात.

आता यंत्राचा स्वभाव. तो रेल्वेवाल्याला आणि टपालवाल्याला जितका लवकर समजेल तितका दुसऱ्या कोणाला समजणार नाही, कारण आपण तोच धंदा पिढ्यान् पिढ्या करत आलो आहोत.

पहिला नियम एकेरी मार्गावरच्या टोकनचा. नील्सचा बॉल टोकन ज्यांनी हाताळला आहे त्यांना ठाऊक आहे. दोन स्टेशनांच्या मध्ये एकच रूळ. गोळा एका यंत्रातून बाहेर निघाला, की तो समोरच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा कोणत्याच बाजूने निघत नाही. संगणक बर्थचे तसेच करतो. एका क्लार्कने एका गाडीच्या एका वर्गाची मागणी टाकली, की त्या नोंदीचे टोकन त्याच्या हातात. बाकीच्यांनी थांबायचे. हे थांबणे डोळ्याचे पाते लवायच्या आत संपते. पण सकाळी तत्काळ उघडला की एकाच गाडीवर हजारो जण एकदम तुटून पडतात, आणि टोकनसाठी रांग लागते. रेल्वे मंत्रालयाने सांगितलेला आकडा ऐका. २२ मे २०२५ रोजी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली. अशा वेळी स्क्रीन रेंगाळली, तर यंत्र बिघडलेच असे नाही. शेजारी कमी गर्दीच्या गाडीची मागणी झटकन पुरी होत असेल, तर यंत्र ठणठणीत आहे आणि फक्त त्या एका गाडीच्या नोंदीवर रांग आहे.

समजा टोकन घेतलेल्या क्लार्कची लिंक मध्येच तुटली. एकेरी मार्गावर गोळा हरवला तर गाडी अडते आणि मग कागदी परवानगीने मार्ग काढावा लागतो. संगणक मात्र ठरावीक वेळ वाट पाहतो, मग टोकन काढून घेतो आणि काम जिथून सुरू झाले होते तिथे परत नेतो. त्याचा नियम आहे, सगळे होईल किंवा काहीच होणार नाही. बर्थ दिली पण रक्कम लिहिली नाही, असे तो होऊ देत नाही. चांगला नियम आहे. पण हा नियम यंत्राच्या पोटापुरता आहे. आपल्या खिडकीवरचा प्रिंटर, त्यातला कागद आणि आपला गल्ला त्याच्या पोटाबाहेर आहेत. यंत्राचा शब्द जिथे संपतो, तिथून आपला खिसा सुरू होतो.

दुसरा नियम पोचपावतीचा. रजिस्टर पत्र टाकले. पोच आली नाही. पाठवणाऱ्याने काय समजायचे? एक तर पत्रच वाटेत हरवले. किंवा पत्र नीट पोचले, सही झाली, आणि परत येताना पोचपावती हरवली. गंमत अशी, की पाठवणारा आपल्या ओसरीवर बसून कितीही विचार करो, त्याला या दोन गोष्टी सारख्याच दिसतात. घरी पावती आली नाही, एवढेच त्याला कळते.

साथींनो, आजच्या भाषणातले एवढेच लक्षात राहिले तरी पुरे. एंटर दिल्यावर स्क्रीन अडकते तेव्हा नेमके हेच झालेले असते. आपली मागणी यंत्रापर्यंत पोचलीच नाही, की पोचून तिकीट तयार झाले आणि निरोप वाटेत अडकला, हे स्क्रीनकडे पाहून कळत नाही. पहिल्या प्रकारात पुन्हा फॉर्म भरणे बरोबर. दुसऱ्या प्रकारात पुन्हा भरला तर तिकिटे दोन आणि पैसे एकाचे. त्या ताईंचे हेच झाले. त्यांना दोन्ही गोष्टी सारख्या दिसल्या आणि रांगेच्या दबावाखाली त्यांनी पहिली खरी धरली. हा कामचुकारपणा नव्हता, बेफिकिरी नव्हती. यंत्राने त्यांना आंधळे केले होते.

उपाय काय? पोच आली नाही तर शहाणा माणूस दुसरे पत्र टाकत नाही, आधी चौकशी करतो. लिंक परत आली की आधी यंत्रालाच विचारायचे, माझ्या खिडकीवरचा शेवटचा व्यवहार कोणता? त्याचा तिकीट क्रमांक आणि प्रिंटरमधल्या कागदावरचा छापील क्रमांक जुळतो का? तिकीट तयार असून छापले गेले नसेल तर ते नियमाप्रमाणे लगेच सुपरवायझरकडून रद्द करून घ्यायचे, पाळी संपायची वाट पाहायची नाही. रांग दोन मिनिटे ओरडेल. ओरडू द्या. रांगेतले कोणी तुमची तूट भरायला येणार नाही.

आता दोष कुठे आहे ते ओळखणे. मी खलाशी असताना आमच्या मिस्त्रीने मला एक गोष्ट शिकवली. पंचवीस किलोमीटरच्या तारेत कुठेतरी दोष असेल, तर एका टोकापासून चालत सुटू नको. मधल्या ठिकाणी जा, तार सोडव, दोन्ही बाजू तपास. जी बाजू चांगली ती सोड, वाईट बाजूच्या पुन्हा मध्यावर जा. चार-पाच वेळा अर्धे केले की दोष हातात येतो. मोठ्या संगणकाचेही तेच. तीन प्रश्न विचारायचे आणि दर प्रश्नाला निम्मा प्रदेश सोडून द्यायचा.

पहिला प्रश्न, माझीच खिडकी अडकली आहे की शेजारचीही? शेजारची चालत असेल तर दोष माझा टर्मिनल, माझी वायर किंवा माझा प्रिंटर यांत. मुख्य यंत्राला आणि लिंकला दोष देऊ नका.

दुसरा प्रश्न, सगळ्या खिडक्या बंद असतील तर शेजारच्या स्टेशनवर काय स्थिती आहे? एक फोन करा. तिथे चालू असेल तर दोष आपल्या स्टेशनच्या मोडेममध्ये किंवा आपल्याकडे येणाऱ्या लाइनमध्ये. तिथेही बंद असेल तर दोष वर, मोठ्या लाइनवर किंवा मुख्य यंत्रात. टपालातल्या साथींनी हाच प्रश्न शेजारच्या उपकार्यालयाला विचारावा.

तिसरा प्रश्न, अडकले ते एंटर देण्याआधी की दिल्यानंतर? आधी अडकले असेल तर पैशाला धोका नाही, फक्त वेळ गेला. नंतर अडकले असेल तर मघाचा पोचपावतीचा नियम लागू, आणि सावध व्हा.

एक चौथी गोष्ट पुरवणी म्हणून. रोजच्या विश्रांतीला बिघाड समजू नका. वर्षानुवर्षे आरक्षण यंत्र रात्री पावणेबाराच्या सुमारास काही वेळ बंद होत आले आहे, कारण तेव्हा ते दिवसाचा हिशेब मिटवून नवा दिवस उघडते. ठरलेली बंदी आणि अचानक बंदी यांतला फरक नोंदीत दिसला पाहिजे. नाही तर अधिकारी आपल्या खऱ्या तक्रारीलाही हसतात.

कोणी म्हणेल, सचिव एका दोन हजारांच्या तुटीचे फार मोठे करत आहेत. म्हणून तुम्हाला विलायतेतल्या टपालात काय झाले ते सांगतो.

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून आपल्या शाखांत 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली बसवली. चालवणारी कंपनी फुजित्सू. तिथल्या छोट्या शाखा उपपोस्टमास्तर चालवतात, आणि तूट आली तर त्यांनी भरायची असा करार. संगणक तूट दाखवू लागला. माणसे सांगत राहिली, आम्ही पैसे घेतले नाहीत. त्यांना उत्तर मिळे, यंत्र बरोबर आहे. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटा हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, अनेकांची घरे गेली. चौकशी आयोगाच्या जुलै २०२५ च्या अहवालात म्हटले आहे की किमान तेरा जणांच्या आत्महत्येचा या प्रकरणाशी संबंध असू शकतो.

त्यातला एक दोष डालमेलिंग्टन नावाच्या गावात २०१५ साली उघड झाला. तिथल्या बाईंनी आठ हजार पौंड एका शाखेतून दुसऱ्या शाखेकडे वर्ग केले. रक्कम मिळाल्याची नोंद करताना स्क्रीन हलेना. त्यांनी पुन्हा एंटर दाबला, पुन्हा दाबला. यंत्राने गुपचूप चार वेळा नोंद केली आणि चोवीस हजार पौंडांची तूट उभी राहिली. पुढे तपासले तेव्हा मागच्या पाच वर्षांत असा प्रकार शंभराहून अधिक वेळा झाल्याचे निघाले. आमच्या ताईंची संध्याकाळ आणि डालमेलिंग्टनच्या बाईंची स्क्रीन यांत समुद्राचे अंतर आहे, पण एंटरची कळ एकच आहे.

हे लोक सुटले कसे? प्रत्येकाला वाटत होते की असे फक्त माझ्याच शाखेत होते, कारण विचारले की तसेच सांगितले जाई. ॲलन बेट्स या उपपोस्टमास्तराने एकेकाला शोधून जमवले. ५५५ जण मिळून न्यायालयात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले की प्रणालीत दोष होते आणि त्यामुळे शाखांच्या हिशेबात तूट दिसू शकत होती. शाखेला न कळता दुरून हिशेबात फेरफार करता येतो, हेही उघड झाले, जे आधी नाकारले जात होते. एप्रिल २०२१ मध्ये एका दिवसात ३९ जणांची शिक्षा रद्द झाली, आणि मे २०२४ मध्ये पार्लमेंटने कायदा करून उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या शिक्षा पुसल्या. वीस-पंचवीस वर्षांनी. तोवर काही जण निघून गेले होते.

यातून मी दोन धडे घेतो. एकट्याने भरलेली तूट ही कबुली ठरते. आणि दहा जणांनी एका जागी मांडलेली तीच तूट यंत्राचा दोष ठरते.

आता कागद. प्रत्येकाने खिशात एक छोटी वही ठेवावी. स्क्रीन अडकली की कळेला हात लावण्याआधी घड्याळ पाहा. वहीत पाच गोष्टी लिहा. अडकल्याची वेळ आणि सुटल्याची वेळ. स्क्रीनवरचा संदेश अक्षरशः जसाच्या तसा, 'काहीतरी एरर आली' असे नाही. चालू असलेला व्यवहार, म्हणजे गाडी, तारीख, रक्कम, किंवा खाते. प्रिंटरमधल्या कागदाचा छापील क्रमांक. आणि मघाच्या तीन प्रश्नांची उत्तरे. मग हीच नोंद कार्यालयाच्या रजिस्टरात करून सुपरवायझरची सही घ्या. ते सही द्यायला टाळत असतील, तर तसेही लिहा.

याचा उपयोग काय? यंत्र आतल्या आत स्वतःची रोजनिशी लिहीत असते, तिला लॉग म्हणतात. कोणत्या टर्मिनलवरून कोणत्या सेकंदाला काय मागितले, काय दिले, लिंक कधी तुटली, सगळे त्यात असते. स्टेशन मास्तरांचे ट्रेन रजिस्टर असते तसेच. पण ते रजिस्टर प्रशासनाच्या कपाटात आहे. आपल्याजवळ वेळ असेल तरच त्यातले पान मागता येते. "त्या महिन्यात कधीतरी स्क्रीन अडकली होती" असे म्हणून कोणी लॉग काढून देत नाही. "अमुक तारीख, सायंकाळी सहा वाजून बारा मिनिटे, तीन नंबरची खिडकी" असे म्हटले की नाही म्हणणे अवघड जाते.

रेल्वेतल्या साथींनो, १९६८ च्या शिस्त व अपील नियमांखाली एस.एफ. पाचचे आरोपपत्र आले, तर प्रशासन ज्या कागदांवर अवलंबून आहे ते तर मागाच, पण बचावासाठी लागणारे जादा कागदही लेखी मागा. लॉगचा उतारा, लिंक बंद असल्याची नोंद, तक्रार क्रमांक, टर्मिनलच्या दुरुस्तीचा कागद. टपालातल्या साथींना १९६५ च्या सी.सी.एस. नियमांत चौदाव्या नियमाखाली हाच हक्क आहे. दिला नाही तर का दिला नाही, हे चौकशी अधिकाऱ्याला लिहावे लागते, आणि ते पुढे अपिलात कामी येते. एस.एफ. अकराचे छोटे आरोपपत्र आले म्हणून हलके घेऊ नका. त्यातूनच सवयीचा शिक्का बसतो.

न्यायालयात संगणकाचा कागद पुरावा म्हणून ठेवायचा, तर त्यासोबत रीतसर प्रमाणपत्र लागते. पूर्वी पुरावा कायद्याच्या ६५ ब कलमात ते होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात आहे. खातेनिहाय चौकशीला पुरावा कायदा तंतोतंत लागू नाही, हे मला ठाऊक आहे. पण यंत्राच्या कागदावर कायदासुद्धा डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, एवढे तरी चौकशी अधिकाऱ्यापुढे म्हणता येते.

आता युनियनने काय मागायचे. जून २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने नव्या आरक्षण प्रणालीचा आराखडा सांगितला, मिनिटाला दीड लाख तिकिटांचा. स्वागत आहे. पण वेगाबरोबर आमच्या चार मागण्याही जोडा. लिंक तुटल्यावर खिडकी पुन्हा उघडताना यंत्राने शेवटचा अपुरा व्यवहार आपणहून समोर दाखवावा, क्लार्कला शोधायला लावू नये. यंत्र बंद असल्याच्या वेळांचा तक्ता दर महिन्याला सूचना फलकावर लागावा. लिंक तुटलेल्या वेळेतल्या तुटीची वसुली लॉग तपासल्याशिवाय होऊ नये. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्याच्या टर्मिनलचा लॉग मागताच मिळावा. यात कोणाची खैरात नाही. हमालाच्या डोक्यावर ओझे ठेवताना वजन सांगतात, तेवढीच ही मागणी आहे.

आणि शाखांच्या सचिवांना हात जोडून सांगतो. कोणी तूट घेऊन आले तर माझ्यासारखे "भरून टाका" म्हणू नका. नियमाने भरावीच लागली, तर 'निषेध नोंदवून व चौकशीची मागणी कायम ठेवून' असे अर्जात लिहून मगच भरा. आणि त्या तुटीची तारीख-वेळ शाखेच्या वहीत चढवा. दोन शाखांच्या वह्या शेजारी ठेवल्या आणि एकच वेळ दिसली, की तो कोणाचा वैयक्तिक दोष राहत नाही.

शेवटी या तलावाकडे बघून एक बोलतो. समोर ज्यांची समाधी आहे, त्या गंगाधररावांनी मरणाच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ रोजी, मुलगा दत्तक घेतला. इंग्रज अधिकारी हजर होता, त्याच्या हाती लेखी पत्र दिले होते. कागद पक्का होता, साक्षीदार सरकारचाच होता. तरी १८५४ साली कंपनीने दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली. राणीसाहेबांनी अर्जांवर अर्ज केले, पण निकाल बदलला नाही. म्हणून मी म्हणतो, कागद ठेवा, पण कागद ठेवून निवांत झोपू नका. कागदाच्या मागे माणसे उभी लागतात. ती उभी करण्याचे काम युनियनचे आहे.

त्या ताई आता निवृत्त झाल्या आहेत. मागच्या दिवाळीत भेटल्या, तेव्हा मी त्यांना सांगितले की या विषयावर बोलणार आहे. त्या म्हणाल्या, "बोला. पण वही ठेवायला सांगा, भाषण विसरतात लोक." त्यांचा निरोप तुमच्यापर्यंत पोचवला. याची पोच तुम्ही उद्याच्या पाळीत द्या.

कामगार एकजुटीचा विजय असो!